पाळणाघराचे अनुदान : योजना, कायदा आणि हैदराबादचा दाखला

नोकरी करणाऱ्या आईची सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा संपते त्या दिवशी मूल सहा महिन्यांचेही नसते. अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तिसऱ्या वर्षी सुरू होते आणि शाळेचे दार सहाव्या वर्षी उघडते. मधल्या काळात मुलाला सांभाळायचे कोणी, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या आजी, आत्या, मावशी आणि थोरली बहीण यांनी सोडवला. घर सोडून परगावी नोकरीला गेलेल्या दाम्पत्याजवळ यांपैकी कोणीच नसते. गोव्यातून माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांसाठी बाहेर पडणाऱ्या तरुणांचे एक मुक्कामाचे शहर म्हणजे हैदराबाद. तेथील माधापूर, गच्चीबावली, कोंडापूर या भागांतील नोकरदार घरांना आणि त्याच भागात उंच इमारती बांधणाऱ्या मजूर घरांना पडलेला प्रश्न एकच आहे. सरकारची मदत मात्र दोघांकडे वेगवेगळ्या वाटांनी येते आणि पुष्कळदा वाटेतच थांबते.

अनुदान कोणाला मिळते?

बालसंगोपनासाठी सरकारने द्यावयाच्या मदतीचे ढोबळमानाने तीन प्रकार होतात. पहिल्यात पालकांच्या हाती रोख रक्कम किंवा करसवलत दिली जाते. दुसऱ्यात पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेला पैसे मिळतात आणि पालकांना सेवा विनामूल्य किंवा अल्प शुल्कात मिळते. तिसऱ्यात सरकार स्वतः खर्च न करता मालकावर पाळणाघराची सक्ती करते.

कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर इतक्या ठरावीक शुल्कात पाळणाघराची सोय सुरू केली. स्वीडनने २००२ मध्ये पालकांनी द्यावयाच्या शुल्काला उत्पन्नाच्या प्रमाणात कमाल मर्यादा घातली. दोन्ही ठिकाणी उरलेला भार सरकारी तिजोरीने उचलला. भारतात पहिला प्रकार जवळजवळ नाहीच. जुन्या करप्रणालीत मुलांच्या शिकवणी शुल्काला कलम ८०सी खाली दीड लाख रुपयांच्या एकत्रित मर्यादेत वजावट मिळते. मात्र मूल सांभाळण्यासाठी पाळणाघराला दिलेल्या शुल्काला वेगळी वजावट नाही. त्यामुळे भारतीय पालकाच्या वाट्याला दुसरा व तिसरा, हे दोनच प्रकार येतात : सरकारी अनुदानावर चालणारे पाळणाघर, नाहीतर कामाच्या ठिकाणचे पाळणाघर.

गिरणीपासून अंगणवाडीपर्यंत

या विचाराचे मूळ मुंबईच्या कापड गिरण्यांत सापडते. तान्हे मूल घेऊन कामावर येणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणगावात ठळक झाला. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये देशातील पहिला मातृत्व लाभ कायदा केला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याची भूमिका घेतली होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यातील कलम ४८ ने तीसपेक्षा अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले. खोली हवेशीर, उजेडाची व स्वच्छ असावी आणि ती बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीच्या देखरेखीखाली असावी, इतका तपशील त्या कलमात होता.

कारखान्याबाहेरच्या मुलांचा विचार करणाऱ्यांत मराठी नावे अग्रभागी आहेत. ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालवाडीचे प्रयोग केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी ही कल्पना आकाराला आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. या योजनेचा गाभा मात्र पोषण, लसीकरण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण हा होता. आई कामावर असताना दिवसभर मूल सांभाळणे हे अंगणवाडीचे काम कधीच ठरवले गेले नाही. बहुतांश ठिकाणी तिची वेळ दुपारपर्यंत संपते. आईची पाळी मात्र संध्याकाळी संपते.

ही उणीव भरून काढण्यासाठी नोकरी करणाऱ्या व आजारी मातांच्या मुलांसाठी स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची योजना १९७५ मध्येच सुरू झाली. ती राबवणाऱ्या प्रमुख यंत्रणांपैकी एक होती केंद्रीय समाजकल्याण मंडळ. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई देशमुख. मद्रासमध्ये १९३७ साली आंध्र महिला सभा उभारणाऱ्या दुर्गाबाईंनी हैदराबादलाही सभेचे मोठे काम वाढवले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि माजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे त्यांचे पती. या दाम्पत्याने आयुष्याचा उत्तरकाळ हैदराबादला घालवला. शहरातील विद्यानगर भागातील रुग्णालय आजही दुर्गाबाईंच्या नावाने ओळखले जाते.

एका योजनेची तीन नावे

१ जानेवारी २००६ पासून जुन्या अनुदान योजनेची राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली. महिन्याला बारा हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलांना तिचा लाभ होता. १ जानेवारी २०१७ पासून तिचे रूपांतर केंद्र पुरस्कृत राष्ट्रीय पाळणाघर योजनेत झाले. खर्चाचा वाटा केंद्र ६० टक्के, राज्य ३० टक्के आणि संस्था १० टक्के असा ठरला. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून मुलामागे महिन्याला २० रुपये, आईवडिलांचे एकत्र उत्पन्न बारा हजारांपर्यंत असल्यास १०० रुपये आणि त्याहून अधिक असल्यास २०० रुपये शुल्क घेण्याची तरतूद होती. सेविकेचे मानधन ३,००० रुपये आणि मदतनीसाचे १,५०० रुपये होते.

नव्या वाटणीमुळे राज्यांवर प्रथमच खर्चाची मोठी जबाबदारी आली आणि पुष्कळ राज्यांनी ती उचलली नाही. २०१७-१८ मध्ये देशभरात सुमारे १८ हजार अनुदानित पाळणाघरे सुरू होती. २०२० च्या आरंभी ती साडेसहा हजारांच्या आसपास उरली. पाठोपाठ आलेल्या टाळेबंदीत उरलेलीही बंद पडली. ज्या आया त्यांच्या भरवशावर कामाला जात होत्या, त्यांच्यासाठी पर्यायी व्यवस्था नव्हती.

२०२२ मध्ये केंद्र सरकारने मिशन शक्तीअंतर्गत हीच योजना ‘पाळणा’ या नावाने पुन्हा मांडली. तिच्यात तीन महत्त्वाचे बदल आहेत. एक, स्वतंत्र पाळणाघरांऐवजी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्यावर भर आहे. दोन, आई नोकरी करते की नाही ही अट काढून टाकण्यात आली आहे. तीन, संस्थेचा वाटा वगळून खर्च केंद्र ६० व राज्य ४० टक्के असा वाटला आहे. ईशान्येकडील व विशेष श्रेणीतील राज्यांसाठी तो ९० व १० आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना महिन्यातील २६ दिवस, रोज साडेसात तास सांभाळणे, झोपण्याची सोय, पूरक आहार, वाढीचे मोजमाप, आरोग्य तपासणी आणि तीन वर्षांखालील मुलांसाठी खेळातून शिक्षण या सेवा त्यात येतात. एका केंद्रात २५ मुले अपेक्षित आहेत. देशभरात १७ हजार केंद्रांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. २०२५ पर्यंत साडेचौदा हजारांच्या आसपास केंद्रांना मंजुरी मिळाली. प्रत्यक्ष सुरू झालेली केंद्रे त्याहून बरीच कमी आहेत.

मंजुरी आणि कुलूप उघडणे यांत अंतर का पडते, हे मानधनाच्या हिशेबावरून लक्षात येते. अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरात सेविकेला महिन्याला ५,५०० रुपये आणि मदतनीसाला ३,००० रुपये मिळतात. मूळ अंगणवाडी सेविकेला त्यासाठी १,५०० आणि मदतनीसाला ७५० रुपये जादा दिले जातात. एकूण मानधन झाले १०,७५० रुपये. पंचवीस मुलांत ते विभागले तर एका मुलामागे महिन्याला ४३० रुपये पडतात. महिन्याचे १९५ तास धरले तर एक मूल तासभर सांभाळण्यासाठी मनुष्यबळावर होणारा सरकारी खर्च सव्वादोन रुपयांच्या आत राहतो, आणि सेविकेच्या हाती तासाला अठ्ठावीस रुपये पडतात. शहरात या पैशात घरकामालाही बाई मिळत नाही. तान्ह्या मुलांची जबाबदारी घेणारी प्रशिक्षित स्त्री या रकमेत टिकवून ठेवणे हीच योजनेपुढची खरी अडचण आहे.

मालकावरील बंधन

नोकरदार मध्यमवर्गाचा संबंध २०२५ पर्यंत प्रामुख्याने १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याशी येत असे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. याच दुरुस्तीने घातलेले कलम ११अ १ जुलै २०१७ पासून अमलात आले. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने ठरावीक अंतराच्या आत पाळणाघराची सोय करावी, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावे आणि नियुक्तीच्या वेळीच या हक्कांची माहिती तिला लेखी द्यावी, असे हे कलम सांगत असे. चार भेटींत विश्रांतीची वेळही धरलेली होती.

यातील ‘पन्नास कर्मचारी’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. कारखाना कायद्यात मोजणी केवळ स्त्रियांची होती. त्यामुळे तिसाव्या स्त्रीनंतर भरती थांबवण्याची वाट मालकाला मोकळी राहत असे. पुरुष व स्त्रिया मिळून मोजणी केल्यावर हा मोह उरत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांनी हीच पद्धत पुढे नेली. सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६७ मध्ये पाळणाघराची तरतूद आहे. सरकार, नगरपालिका, खासगी वा स्वयंसेवी संस्था यांचे पाळणाघर वापरण्याची किंवा अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवण्याची मुभाही त्यात आहे. व्यावसायिक सुरक्षा संहितेने कारखान्यांसाठी पन्नासहून अधिक कामगार ही मर्यादा आणली. या बदलाला दुसरी बाजूही आहे. पस्तीस स्त्रिया आणि दहा पुरुष असलेला कारखाना जुन्या कायद्याच्या कक्षेत होता. नव्या मोजणीत तो बाहेर राहतो. वेर्णा, कुंडई यांसारख्या वसाहतींतील लहान कारखान्यांत काम करणाऱ्या गोमंतकीय स्त्रियांनी हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

सरकारी नोकरीतील स्त्रियांची स्थिती यांपेक्षा वेगळी आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. पुढे एकल पुरुष पालकांनाही ती लागू झाली. आता पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार आणि पुढील ३६५ दिवस ८० टक्के पगार दिला जातो. रकमेच्या दृष्टीने पाहिले तर देशातील सर्वांत मोठे बालसंगोपन अनुदान हेच म्हणावे लागेल. ते पोहोचते मात्र मोजक्या घरांपर्यंत.

हैदराबादमधील चित्र

तेलंगणात सुमारे ३५,७०० अंगणवाड्या असून त्यांतील पोषणाची बाजू भक्कम आहे. १ जानेवारी २०१५ पासून सुरू झालेल्या आरोग्य लक्ष्मी योजनेत गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतच भात, डाळ, भाजी, अंडे आणि दोनशे मिलिलिटर दूध असे एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. लहान मुलांना दिला जाणारा बालामृतम हा पूरक आहार हैदराबादच्या नाचारम भागातील तेलंगणा फूड्स या सरकारी संस्थेत तयार होतो. राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ पासून याच शहरात आहे. जून २०१७ मध्ये सुरू झालेल्या केसीआर किट योजनेत सरकारी रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेला मुलगा झाल्यास १२ हजार आणि मुलगी झाल्यास १३ हजार रुपये टप्प्याटप्प्याने दिले जात. बुडालेल्या मजुरीची भरपाई हा त्यामागचा हेतू होता. केंद्राच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतील पहिल्या अपत्यासाठीचे पाच हजार आणि दुसरी मुलगी झाल्यास मिळणारे सहा हजार रुपये यांचा हेतूही तोच.

या सर्व योजनांचा रोख गर्भारपण, बाळंतपण आणि आहार यांवर आहे. बाळंतिणीने पुन्हा कामाला जायचे ठरवले की मदतीचा ओघ आटतो. जेवण अंगणवाडीतच घ्यायचे असल्याने दूरच्या कामावर गेलेल्या मजूर स्त्रीला तेही मिळणे अवघड होते.

हायटेक सिटीतील मोठ्या कंपन्यांत कायद्यानुसार पाळणाघरे आहेत किंवा जवळच्या खासगी पाळणाघरांशी करार आहेत. त्याच इमारतीत झाडलोट, स्वयंपाक आणि पहारा करणाऱ्या कंत्राटी स्त्रियांचा मालक कागदोपत्री वेगळा असतो. कंत्राटदाराच्या नावावर एका जागी पन्नास माणसे भरली नाहीत तर पाळणाघराचे बंधन कोणावर, हा वाद उभा राहतो. इमारत एक, कामाचे तास सारखे. पण एकीचे मूल तळमजल्यावरील खोलीत आणि दुसरीचे वस्तीत थोरल्या बहिणीच्या कडेवर, असे घडू शकते. मग त्या बहिणीची शाळा सुटते. अनुदान नसल्याची किंमत पुष्कळदा दहा वर्षांची मुलगी चुकवते.

बांधकामावरील स्त्रियांची गत याहून बिकट आहे. पालमूर म्हणजे जुन्या महबूबनगर जिल्ह्यातील मजूर अनेक पिढ्या हैदराबादला आणि इतर शहरांत बांधकामाला जात आले आहेत. आता ओडिशा, बिहार येथूनही कामगार येतात. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या जागी सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली बंधनकारक केली होती. काम अनेक उपकंत्राटदारांत वाटले गेल्याने हा आकडा कागदावर क्वचितच भरे. दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी सुरू केलेल्या मोबाईल क्रेशेस या संस्थेने बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर नेण्याचा मार्ग दाखवला. पुढे मुंबई व पुण्यातही तो रुळला. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो आणि तो राज्याच्या कामगार कल्याण मंडळाकडे जातो. फिरत्या पाळणाघरांसाठी पैशाचा हा स्रोत हाताशी आहे.

तेलंगणाच्या निजामाबाद, कामारेड्डी, जगित्याल या पट्ट्यातील विडी कामगार स्त्रिया तर घरीच विड्या वळतात. १९६६ च्या विडी कामगार कायद्यातील पाळणाघराची तरतूद कारखान्याच्या आवारापुरती होती. घर हेच कामाचे ठिकाण झाल्याने मूल तंबाखूच्या सुपाशेजारी वाढते.

शेजारची राज्ये आणि गोवा

कर्नाटकाने २०२३ मध्ये ‘कूसिन मने’ म्हणजे ‘बाळाचे घर’ ही योजना सुरू करून रोजगार हमीवरील स्त्रियांच्या मुलांसाठी ग्रामपंचायतींत पाळणाघरे काढली. २००५ च्या मूळ रोजगार हमी कायद्यातही कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला मजुरी देऊन नेमण्याची तरतूद होती. ती कागदावरून गावात आणण्याचे श्रेय कर्नाटकाला द्यावे लागेल.

गोव्यात गृह आधार योजनेतून वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्या घरातील विवाहित स्त्रीला दरमहा १,५०० रुपये मिळतात. लाडली लक्ष्मी योजनेत मुलीच्या नावे एक लाख रुपयांची तरतूद होते. दोन्ही योजनांनी घराला हातभार लावला आहे. मात्र मुलाला सांभाळणारे हात त्यांतून उभे राहत नाहीत. पर्यटन, औषधनिर्मिती आणि सेवा क्षेत्रात पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांना दरमहा रकमेइतकीच संध्याकाळी सातपर्यंत उघडी असणारी खोली हवी असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८ मिनिटे. घरातील मुले, वृद्ध व आजारी यांची काळजी घेण्यासाठी स्त्रियांची १३७ आणि पुरुषांची ७५ मिनिटे जातात.

पालकांनी काय विचारावे?

खासगी नोकरीतील स्त्रीने नियुक्तिपत्रासोबत पाळणाघराची लेखी माहिती मागावी. ती देणे ही मालकाची जबाबदारी आहे. पाळणाघर आवारात आहे की बाहेर, अंतर किती आणि शुल्क कोण भरते, हे तीन मुद्दे त्यात स्पष्ट असावेत. पती-पत्नी वेगवेगळ्या ठिकाणी नोकरीला असल्यास दोघांच्याही कार्यालयांत चौकशी करणे हिताचे ठरते. सोय नाकारली गेल्यास तक्रार कामगार खात्याकडे करता येते. असंघटित क्षेत्रातील पालकांनी जवळच्या अंगणवाडीत किंवा तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे ‘पाळणा’ केंद्राविषयी विचारावे. आई नोकरीला असल्याचा दाखला नाही म्हणून तेथे मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. केंद्र मंजूर असूनही बंद असेल तर ग्रामसभेत किंवा नगरसेवकामार्फत तो विषय मांडता येतो.

‘पाळणा’ योजनेची २०२२ मधील आखणी पंधराव्या वित्त आयोगाच्या कालावधीसाठी, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती. पुढील आखणीत केंद्रांची संख्या किती वाढते, याबरोबरच सेविकेचे ५,५०० रुपये किती होतात, यावर मंजूर झालेल्या पाळणाघरांची कुलपे उघडणे अवलंबून राहील.